अकरा पगारांचं वर्ष

डेपोच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपरना सगळे ‘संपलंय’ म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की संपलंय. मेकॅनिक खिडकीशी येऊन बेअरिंग मागो, बल्ब मागो, नाहीतर हात पुसायला चिंध्या मागो, आतून पहिल्यांदा तो एकच शब्द यायचा. मग मेकॅनिक कपाळाला हात लावायचा, दोन शिव्या घालायचा आणि जुनंच बेअरिंग धुऊनपुसून आणखी आठ दिवस चालवायचा. अगदीच गाडी अडली, फोरमन स्वतः तणतणत आला, की स्टोअरकीपर सावकाश उठायचे, शिडी लावून मागच्या फळीपर्यंत चढायचे आणि धूळ झटकत एक खोकं खाली काढायचे.

"एकच होतं," ते म्हणायचे. "कुठल्या कोपऱ्यात पडून राहिलं होतं, कोण जाणे."

कोण जाणे कशाला, त्यांनीच ठेवलेलं असायचं. माल आला की दहातलं एक खोकं रजिस्टरवर चढायच्या आधी मागच्या फळीवर चढायचं. त्यात चोरी नव्हती बरं का. या गृहस्थांनी बावीस वर्षांत डेपोचा एक वॉशरसुद्धा घरी नेला नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की आहे म्हटलं की माणूस उधळतो आणि नाही म्हटलं की जपतो. पहिल्या दहा वर्षांत सुट्या भागावाचून एकही बस अडून राहिली नाही, म्हणून डेपोने त्यांना एकदा भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते त्यांनी घरी आणून स्वयंपाकघरात लावलं आणि लावतानाच दहा मिनिटं पुढे केलं.

घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे तरी कोण, बायको आणि मुलगी. मुलीला घरात ठकी म्हणत. ही ठकी लहानपणी शाळेत बाईंना सांगून आली होती, की आमच्या घरी दहा मिनिटं आधी उजाडतं.

त्या घड्याळाच्या खाली कागद असायचा. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी जेवणं झाली की टेबल पुसून कोरडं करायचं, डेपोतल्या जुन्या तक्त्याची पाठकोरी बाजू वर करून पसरायची आणि येणाऱ्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडायचं. वर मिळकत. खाली आडवे रकाने: भाडं, वीज, इंधन, किराणा, शाळा, कपडे, चपलाबूट, औषधपाणी, आणि सगळ्यात खाली एक चिंचोळा रकाना, ‘मजा’. मजेच्या रकान्यात वर्षाला तीन सिनेमे आणि आईस्क्रीम बसायचं, तेही जपून खाल्लं तर.

नियम एकच होता आणि तो फार कडक होता. रकान्यातले पैसे संपले की त्यावर तांबडी रेघ मारायची, आणि रेघेनंतर त्या रकान्यात वर्ष उलटेपर्यंत काही नाही. एका रकान्यातलं दुसऱ्यात न्यायचं नाही. कपड्यातलं उरलं म्हणून किराण्यात घातलं तर मग कागद लावायचाच कशाला, असं स्टोअरकीपर म्हणत. एका वर्षी ठकीचे बूट नोव्हेंबरातच फाटले आणि चपलाबुटांवर आधीच रेघ पडलेली. पोरीने आत खोक्याचा पुठ्ठा कापून घातला आणि तशीच दीड महिना शाळेत गेली. एक जानेवारीला सकाळी नऊला दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तीच. घरात ही गोष्ट हसत हसत सांगितली जायची. हसण्यासारखी होती की नाही, ते सोडा.

पण हा नियम खरा पाळला तो त्यांच्या बायकोने. स्टोअरकीपर नियम करणारे, ती पाळणारी. लोक तिला रफूवाल्या बाई म्हणून ओळखत. कसरीने खाल्लेला कोट, सिगारेटने जळालेली पँट, खिळ्याला अडकून फाटलेला स्वेटर, असं काय काय कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याकडून तिच्याकडे यायचं. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे उसवून काढायची आणि भोकावर एकेक धागा असा विणायची की मालकालाच नंतर जागा सापडू नये. तिचा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता होता, त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं आणि समोरच्या माणसाचा धूसर आकार. सगळं काम उजव्या डोळ्याचं. खिडकीशी तिचा भिंगाचा दिवा होता, मानेला वाकवता येणारा. तीन वर्षं ‘हत्यारं’ असा वेगळा रकाना काढून, त्यात थोडे थोडे साठवून तिने तो घेतला होता. दिवा आला त्या दिवशी ती त्याच्या भिंगातून स्वतःच्या हाताचा पंजाच बघत बसली होती.

"केवढा मळ आहे हो नखांत," ती म्हणाली होती, आणि तिला एवढं हसू आलं होतं की शेवटी उचकी लागली.

आता जी गोष्ट तिला माहीत नव्हती आणि ठकीलाही नव्हती, ती आपण इथेच सांगून टाकू. कागदावरची मिळकत खोटी होती. वर्षाचे महिने बारा, पगारही बारा, पण स्टोअरकीपर मिळकतीत अकराच धरत. अकरा पगारांना बाराने भागायचं आणि जो आकडा येईल तो ‘दरमहा’ म्हणून वर लिहायचा. बारावा पगार थोडा थोडा करून डेपोजवळच्या बँकेत जायचा आणि पासबुक राहायचं स्टोअरच्या कपाटात, मागच्या फळीवर, एका बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून हे चाललेलं. सतरा वर्षं, सतरा पगार. त्यांनी बायकोला कधी ताकास तूर लागू दिली नाही. वाईट हेतू नव्हता. कधीतरी घरावर खरी वेळ येईल, बायको हवालदिल होऊन बघत राहील आणि आपण सावकाश उठून म्हणू, एकच होतं, कुठल्या कोपऱ्यात पडून राहिलं होतं कोण जाणे. त्या क्षणाची त्यांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा तालीम केली होती.

ऑगस्टमध्ये स्टोअरकीपरची दाढ दुखायला लागली. आधी त्यांनी लवंगेवर भागवलं, मग गाल सुजला. औषधपाण्याच्या रकान्यात होतं नव्हतं ते सगळं त्या दाढेने खाल्लं. बायकोनेच त्यांना धाडलं होतं. "ते पैसे असतात तरी कशाला? जा, दाखवून या," म्हणाली. दाढेवर टोपी बसली, रकान्यावर तांबडी रेघ बसली. ऑगस्टच्या सत्तावीस तारखेला. रेघ तिनेच मारली, पट्टी धरून, सरळ.

ऑक्टोबर सरता सरता एका सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "डोळ्यासमोर सारखी माशी फिरतेय."

"हाकल मग," स्टोअरकीपर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

"हाकलली तर जात नाही. आणि अंधारात मान वळवली की ठिणगी उडाल्यासारखं होतं. वेल्डिंगवाल्याकडे कसं होतं, तसं."

"झोप कमी पडतेय तुझी."

तिने एकदा घड्याळाकडे बघितलं. निदान त्यांना तसं वाटलं. ती घड्याळाखाली बघत होती, त्या तांबड्या रेघेकडे. मग तिने गाळणं आपटून चोथा टाकला आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर घरात बारीकसारीक बऱ्याच गोष्टी घडल्या आणि त्यातली एकही त्यांना दिसली नाही, याचं कारण ते सगळ्याच गोष्टी रकान्यांच्या चष्म्यातून बघत. ती भर दुपारी भिंगाचा दिवा लावून बसायला लागली. ते सुट्टीच्या दिवशी घरी असले की येता जाता तो बंद करायचे. "बाहेर लख्ख ऊन आहे," म्हणायचे, "विजेच्या रकान्याला अजून दोन महिने काढायचेत." ती खुर्ची खिडकीला आणखी चिकटवायची. चहा कपाच्या बाहेर सांडायला लागला. दाराच्या चौकटीला तिचा उजवा खांदा आपटायचा, दर दोन दिवसांनी. "लक्ष कुठंय तुझं?" असं त्यांनी तिला त्या महिन्याभरात किती वेळा विचारलं असेल, याची मोजदाद नाही. लक्ष सगळं जागच्या जागी होतं बिचारीचं. लक्ष त्यांचंच नव्हतं.

उघडकीला आलं ते ठकीमुळे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठकी शाळेच्या सहलीला एक दिवस बाहेरगावी गेली. संध्याकाळी स्टोअरकीपर घरी आले तर बायको खिडकीशी बसलेली, मांडीवर कुणाचा तरी काळा कोट, आणि हात रिकामे. दिवसभर तिने एक टाका घातला नव्हता.

"बरं नाही का?"

"बरी आहे. आज जरा कंटाळा आला."

त्यांच्या बायकोला कंटाळा आलेला त्यांनी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. रात्री ठकी आली, आल्या आल्या दप्तर टाकून आईच्या सुयांच्या गादीकडे गेली, आणि दोऱ्याची रिळं घेऊन पटापट सुया ओवायला बसली. एक, दोन, पाच, दहा. ओवून झाली की सुई गादीत टोचायची.

"हे काय चाललंय?" स्टोअरकीपरनी विचारलं.

ठकीने आईकडे बघितलं. आईने नुसती मान हलवली, नको म्हणून. पण पोरगी पंधरा वर्षांची, किती दिवस ओझं वाहणार? ती रडायलाच लागली.

"रोज सकाळी वीस ओवून देते मी तिला. आज लवकर निघाले, राहून गेलं. तिला सुईचं नेढंच दिसत नाही, बाबा. उजव्या डोळ्यात एका बाजूने पडदा आल्यासारखं दिसतं म्हणते. आधी कोपऱ्यात होता, आता अर्ध्यावर आलाय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली. एक जानेवारीला जाऊ म्हणाली."

"एक जानेवारीला कुठे?"

"डॉक्टरकडे."

स्टोअरकीपर बायकोकडे वळले. "आणि आजपर्यंत का नाही गेलीस?"

तिला प्रश्नच कळला नसावा. ती त्यांच्याकडे बघत राहिली, म्हणजे त्यांच्या जरा डावीकडे.

"रेघ पडली होती ना," ती म्हणाली. "आणि राहिलेत तरी किती दिवस? तीन आठवडे. इतके दिवस काढले, एवढ्याने काय होतंय?"

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि लागू नयेच. सकाळी डेपोचं फाटक उघडायच्या आधी ते तिथे उभे होते. शिडी लावली, मागच्या फळीवरून खोकं काढलं, पासबुक घेतलं. ज्या क्षणाची सतरा वर्षं तालीम केली होती तो क्षण आला होता आणि खोकं त्यांच्या हातून खाली पडलं. झाडूवाला म्हणाला, "काय साहेब, आज तुम्हालाच लागलं होय काही?" त्यांनी पासबुक खिशात घातलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी तिच्या डोळ्यात थेंब घातले, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि फार वेळ बघितलं. मग स्टोअरकीपरना बाजूला घेतलं.

"डोळ्याचा आतला पडदा जागचा सुटलाय. हे कधीपासून?"

"दीड महिना झाला असेल. आधी माशी आणि ठिणग्या म्हणत होती."

"त्या ठिणग्या दिसल्या त्याच आठवड्यात आला असतात, तर लेझरने दहा मिनिटांचं काम होतं. खर्चही फार नव्हता." डॉक्टरीण बाई वाईट नव्हत्या, रागावल्याही नाहीत. नुसतं सांगत होत्या. "आता मोठं ऑपरेशन करावं लागेल. करू आपण. पण फार आशा धरू नका."

घरी येताना बसमध्ये बायकोने विचारलं, "एवढे पैसे कुठून आणणार?"

आता इथे खरं सांगून टाकायला काय हरकत होती? बस रिकामी होती, ती शेजारी बसली होती, तिचा हात त्यांच्या हातात होता. पण जिभेला सतरा वर्षांचं वळण. खरं सांगायचं तर पहिल्या वाक्यानंतर दुसरं वाक्य यायचं, आणि दुसऱ्या वाक्याला त्यांचा धीर होईना.

"डेपोच्या सोसायटीतून कर्ज काढतो," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून ती आठवडाभर पालथी झोपली, डॉक्टरीण बाईंनी सांगितलं तशी, न कुरकुरता. पट्टी काढली त्या दिवशी बाईंनी पुन्हा स्टोअरकीपरना बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत जे काय ते सांगितलं. बाहेर बाकावर बायको वाट बघत होती.

"काय म्हणाल्या?"

"सहा महिने लागतील म्हणाल्या," ते म्हणाले. "नजर हळूहळू येईल. धीर धरायचा."

म्हणजे बघा. आयुष्यभर असलेलं नाही म्हणून सांगितलं, आणि आता नसलेलं आहे म्हणून सांगून मोकळे झाले.

बायकोने धीर धरला आणि धीराबरोबर कंबरही कसली. कर्ज म्हटल्यावर तिला चैन पडेना. महिन्याचा हप्ता किती, व्याज किती, किती वर्षं, सगळं तिने विचारून घेतलं आणि स्टोअरकीपरनी सगळे आकडे मनाने ठोकून दिले. तिसऱ्या दिवसापासून तिच्या चहातलं दूध गेलं. "मला कोराच आवडायला लागलाय," म्हणाली. ठकीने नव्या दप्तराचं नाव काढणं सोडलं. सकाळी दोघी मायलेकी गरम पाण्याची एकच बादली वाटून घ्यायला लागल्या. स्टोअरकीपर टेबलाशी बसून हे सगळं बघायचे. त्यांना रोज वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी डेपोच्या फाटकापर्यंत वाक्य तयार असायचं, आणि घराच्या दारात त्यांच्या हातून ते सुटायचं.

एक दिवस ते घरी आले तर खिडकीशी दिवा नव्हता. टेबलाच्या कडेला जिथे त्याचा चिमटा बसवलेला असायचा, तिथे लाकडावर दोन खळगे तेवढे होते.

"दिवा कुठंय?"

"लॉन्ड्रीवाल्याकडे ठेवला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सहा महिने नुसता उभा राहून काय करणार? त्याने पैसे चांगले दिले, तुमचे दोन हप्ते निघतील. मी त्याला बजावून ठेवलंय, जूनपर्यंत कुणाला विकू नकोस, नजर परत आली की पैसे देऊन सोडवून नेईन. भला माणूस आहे, हो म्हणाला."

तिने नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. नसलेल्या कर्जाच्या हप्त्यासाठी. त्यांनी त्या घेतल्या आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. पाणी वाया जातंय म्हणून बाहेरून ठकीने दार वाजवलं.

डिसेंबरातला शेवटचा रविवार आला. टेबल पुसून कोरडं झालं, तक्त्याची पाठकोरी बाजू वर आली. ठकी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. बायको समोर बसली, नेहमीसारखी, हात एकमेकांत गुंफून. दर वर्षी ती कागद आपल्याकडे वळवून घेऊन आधी स्वतः वाचायची, बेरजा तपासायची, आणि मग पेन्सिलीने एक बारीक टिंब करायची. टिंब झालं की वर्ष मंजूर.

स्टोअरकीपरनी लिहायला घेतलं. पेन कागदावर टेकवून ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी मिळकत लिहिली, या वेळी बारा पगारांची.

"यंदा मला दिसत नाही," ती म्हणाली, "तुम्हीच वाचून दाखवा. कर्जाचा हप्ता सगळ्यात वर घ्या, भाड्याच्या आधी. वाचा."

त्यांनी घसा साफ केला. "मिळकत, दरमहा," ते म्हणाले आणि आकडा वाचला.

तिने गुंफलेले हात सोडवले.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचला.

"पगार वाढला का?"

"नाही."

"गेल्या वर्षीचा आकडा मला पाठ आहे," ती म्हणाली. "त्याच्या आधीचाही आहे." तिची बोटं टेबलावर हलत होती, धागे मोजताना हलायची तशी, एकेक. ती बेरजा कधी कागदावर करत नसे. "बाराने गुणायचं. आणि गेल्या वर्षीचं बाराने. म्हणजे वर एक पगार जास्त येतो. एक अख्खा पगार."

"हो."

"मग गेल्या वर्षी तो कुठे होता?"

त्यांनी सांगितलं. मागची फळी, खोकं, पासबुक, दुसऱ्या वर्षापासून. आणि सोसायटीचं कर्ज नाही, कधी काढलंच नाही, हेही. एकदा बोलायला लागल्यावर सगळं बाहेर पडलं, खोक्यातून सांडावं तसं. घरासाठीच ठेवलं होतं, ते म्हणाले. तुझ्यासाठीच. वेळ येईल तेव्हा.

ते थांबल्यावर तिने विचारलं, "ऑक्टोबरमध्ये होते?"

"होते."

"मी माशी म्हणाले, त्या दिवशी होते?"

"होते."

ती मान हलवत राहिली. रागावली असती, कप फेकला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं, पण तिचा स्वभाव तो नव्हता. तिने मान वर केली, भिंतीकडे, जिथून टिकटिक येत होती तिकडे.

"घड्याळ पुढे आहे हे तुम्ही मला सांगून ठेवलं होतंत," ती म्हणाली. "म्हणून कधी चुकलं नाही माझं."

ते कागदाचा कोपरा दुमडत बसले, मग तो सरळ करत बसले. बाहेर जिन्यावरून कुणीतरी शीळ घालत खाली गेलं.

"आता एक विचारते," ती म्हणाली. "आज वाचायलाच बसलाय, तर सगळंच वाचून दाखवा. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या? मला सांगितलंत ते नको. त्या काय म्हणाल्या, ते."

तोंडाशी आलेलं सवयीचं वाक्य स्टोअरकीपरनी गिळलं. तिचा उजवा डोळा त्यांच्यावर होता, उघडा, स्वच्छ, पूर्वीसारखाच तपकिरी. त्यात काही जात नव्हतं.

"संपलंय," ते म्हणाले.

बावीस वर्षांत तो शब्द त्यांनी किती हजार वेळा उच्चारला असेल. या वेळी मागच्या फळीवर काही नव्हतं.

तिने हाताने टेबल चाचपत कागद आपल्याकडे ओढला, पेन्सिल शोधली आणि जिथे दर वर्षी टिंब करायची तिथे अंदाजाने टोक टेकवलं. टिंब केलं नाही. पेन्सिल बाजूला ठेवली.

"उद्या डेपोत जाता जाता लॉन्ड्रीवाल्याकडे डोकावा," ती म्हणाली. "म्हणावं, जूनपर्यंत अडवून ठेवू नकोस. दिवा विकून टाक."